रायफल घ्यायची की घडवायची?

डॅलसच्या भावाकडे घरी जुळवलेली सेमी-ऑटोमॅटिक आहे, शिराळ्याच्या शेतात रानडुकरांचा धुमाकूळ आहे. मग अडचण काय? सातारा-सांगलीच्या पट्ट्यात ‘अचूक’ या शब्दाचा माग काढला, तेव्हा सापडलेली ही गोष्ट...

बाइक मॉडिफाय करणारे आपण. पीसी घेताना ‘असेंबल्ड की ब्रँडेड?’ यावर कटिंग चहाच्या चार फेऱ्या संपवणारे आपण. रेडीमेड शर्टापेक्षा शिवलेला शर्ट अंगावर छान बसतो, हे आजोबांकडून ऐकत मोठे झालेलेही आपणच. मग कुणी विचारलं, की ‘रायफल तयार घेतलेली बरी की पार्ट आणून घडवलेली?’ तर?

दचकू नका. हा प्रश्न मला खरोखरच विचारला गेला. विचारणारा माझा कॉलेजमधला मित्र. हिंजवडीत सॉफ्टवेअरमध्ये, गाव शिराळा तालुक्यात. शुक्रवारी रात्री लॅपटॉप बंद केला की हा पठ्ठ्या पेठ नाक्यावरून आत वळून थेट घरी. घरी ऊस, भात, थोडा भुईमूग आणि गेली काही वर्षं न बोलावता येणारे पाहुणे. रानडुकरं! चांदोलीचं जंगल जवळ, त्यामुळे कधी कधी गवेसुद्धा. एका रात्रीत भुईमुगाचं शेत नांगरल्यासारखं होतं. सत्तरीला टेकलेले त्याचे आबा पीक काढणीला आलं की माळ्यावर झोपतात. झोपतात म्हणजे काय, जागतात!

आणि याचा चुलतभाऊ आहे टेक्सासमध्ये, डॅलसजवळ. तो वीकएंडला मित्रांबरोबर डुकरांच्या शिकारीला जातो. त्याच्याकडे स्वतः जुळवलेली सेमी-ऑटोमॅटिक रायफल आहे. व्हिडिओ कॉलवर तो ती कौतुकाने दाखवतो. मित्राचा सवाल साधा होता, “त्याच्याकडे डुक्कर, माझ्याकडे डुक्कर. त्याच्याकडे रायफल, मग माझ्याकडे का नको? तू पत्रकार आहेस ना, जरा शोधून सांग. घ्यायची की घडवायची?”

शोधलं. उत्तर मात्र त्याला हवं होतं तसं निघालं नाही.

टेक्सासचा फंडा

आधी अमेरिकेतला वाद समजून घेऊ. सेमी-ऑटोमॅटिक म्हणजे काय? एकदा ट्रिगर दाबला की एक गोळी सुटते आणि पुढची गोळी आपोआप नळीत येऊन बसते. दर वेळी हाताने बोल्ट मागे-पुढे करावा लागत नाही. तिकडची यातली सगळ्यात परिचित रायफल म्हणजे एआर-१५. यातला ‘एआर’ म्हणजे आर्मालाइट रायफल. युजीन स्टोनर या इंजिनिअरने १९५०च्या दशकात आर्मालाइट कंपनीत तिचं डिझाइन केलं, पुढे कोल्टने १९६४पासून ती सामान्य ग्राहकांना विकायला सुरुवात केली.

तिची खासियत म्हणजे ती आपल्या असेंबल्ड पीसीसारखी सुट्या भागांत मिळते. नळी एकाची, ट्रिगर दुसऱ्याचा, दस्ता तिसऱ्याचा. तिथल्या कायद्याने या सगळ्यातला एकच भाग, खालचा रिसिव्हर, ‘बंदूक’ धरला जातो. बाकीचे नुसते सुटे भाग.

घडवणाऱ्यांचं म्हणणं असं, की अचूकता मुख्यतः नळीत असते, तेव्हा पैसे तिथे घाला, ट्रिगर हलका आणि स्वच्छ सुटणारा घ्या, बाकी साधं चालेल. घेणाऱ्यांचं म्हणणं उलटं. कारखान्यात तपासलेली रायफल घ्या, वॉरंटी मिळते, बिघडली तर कुणाला तरी फोन करता येतो. अचूकता मोजायचं माप मात्र दोघांचं एकच. एक ‘मिनिट ऑफ अँगल’, म्हणजे १०० मीटरवर सगळ्या गोळ्या साधारण तीन सेंटिमीटरच्या घेरात. आणि दोन्ही बाजूंचे अनुभवी लोक एक गोष्ट दबक्या आवाजात मान्य करतात. रायफल बदलण्याआधी गोळ्या बदलून पाहा आणि त्याच्याही आधी नेमबाज तपासा!

इथपर्यंत सगळं कूल. पण टेक्सासचं डुक्कर आणि शिराळ्याचं डुक्कर यांत एक मोठा फरक आहे. जात एकच, ‘सस स्क्रोफा’. पण अमेरिकेत ते बाहेरून आलेलं. युरोपातून आलेल्या लोकांनी नेलेली पाळीव डुकरं सुटली, नंतर शिकारीसाठी रानडुकरं नेऊन सोडली, त्यांची संख्या भरमसाट वाढली. तिथे तो उपद्रवी परका प्राणी. म्हणूनच टेक्सासने २०१९पासून खासगी जमिनीवर जमीनमालकाच्या परवानगीने त्याची शिकार करायला लायसन्सचीही अट ठेवलेली नाही.

आपल्याकडे तो मूळचा रहिवासी. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१०मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला. त्या जंगलातल्या वाघ-बिबट्यांच्या ताटातलं डुक्कर हे महत्त्वाचं अन्न. तिकडे ते घरात घुसलेला चोर, इकडे ते शेजारी. त्रास देणारा, भांडखोर शेजारी. पण शेजारीच!

आजोबांचा जमाना गेला

आपल्या भागाला शिकारीचं वावडं कधीच नव्हतं. सांगली, मिरज, जत, औंध, फलटण... सगळी संस्थानं. संस्थानिक म्हटलं की शिकार आलीच. शेजारच्या कोल्हापुरात न्यू पॅलेसच्या संग्रहालयात भुसा भरलेले प्राणी आजही काचेमागून बघत असतात. गावोगावच्या वाड्यांत भिंतीवर शिंगं दिसतात आणि त्याखाली एखादी जुनी बाराबोअर.

१९७२मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि हा सगळा अध्याय बंद झाला. आज भारतात हौसेची शिकार नाही. पॉइंट. या कायद्यात ‘शिकार’ म्हणजे फक्त मारणं नव्हे. पकडणं, फास लावणं, विष घालणं, जखमी करणं आणि तसा नुसता प्रयत्न करणंही शिकारच. त्यामुळे ‘साधी एअरगन आहे, घाबरवायला वापरतो’ हा युक्तिवाद छर्रा डुकराच्या अंगात शिरला की तिथेच संपतो.

गंमत म्हणजे याच सांगली जिल्ह्यात याच्या उलटा प्रयोगही झाला. देवराष्ट्रे गावाजवळच्या उजाड डोंगरांवर स्वातंत्र्यसैनिक धों. म. मोहिते यांच्या ध्यासातून झाडं लावली गेली, हरणं सोडली गेली आणि १९८५मध्ये सागरेश्वर अभयारण्य जाहीर झालं. माणसाने घडवलेलं अभयारण्य! घडवायचंच असेल तर काय काय घडवता येतं, त्याचा हा नमुना. अर्थात, तिथली हरणंसुद्धा आसपासच्या पिकांत उतरतात आणि शेतकरी वैतागतात. प्रश्न सोपा नाहीच.

मग घेता तरी येते का?

मित्राचा पहिला पर्याय, घेणं. भारतात सेमी-ऑटोमॅटिक रायफल प्रतिबंधित शस्त्रांच्या यादीत आहे. १९५९च्या शस्त्र कायद्यानुसार अशा शस्त्रासाठी केंद्र सरकारची खास परवानगी लागते आणि ‘माझ्या भुईमुगात डुकरं येतात’ हे काही त्याचं कारण होत नाही. सर्वसामान्य परवानाधारकाला मिळते ती बाराबोअर बंदूक किंवा बोल्ट अॅक्शन रायफल. .३१५ची सरकारी स्पोर्टिंग रायफल अनेक परवानाधारकांच्या घरी दिसते. ती बनली बंगालमधल्या ईशापूरच्या रायफल फॅक्टरीत. ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड २०२१मध्ये बरखास्त झालं, आता तो कारखाना एका सरकारी कंपनीचा भाग आहे.

यासाठीही अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे, पोलिस पडताळणी, शस्त्र सुरक्षित हाताळण्याच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, सगळं रीतसर. २०१९च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला साधारणपणे जास्तीत जास्त दोनच शस्त्रं ठेवता येतात, पूर्वी तीन चालायची. परवान्याची मुदत मात्र तीनवरून पाच वर्षांवर गेली.

आणि इथेच बहुतेकांचा गोंधळ होतो. शस्त्राचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे! पीक वाचवण्यासाठी म्हणून बंदुकीचा परवाना मिळाला, तरी डुकरावर झाडायची पहिली गोळी वेगळ्या कागदाशिवाय सुटू शकत नाही. प्राणी पिकाला धोकादायक ठरलाय, असं पटल्यावर वनखात्याचा अधिकृत अधिकारी कलम ११ खाली लेखी परवानगी देऊ शकतो. लेखी. तोंडी नाही, फोनवर नाही, ‘साहेब ओळखीचे आहेत’ हेही नाही.

आणि घडवता येते का?

आता दुसरा पर्याय. “अगं, लेथ आपल्या एमआयडीसीत आहे, वेल्डर आहे, नळी तर...” मित्राचं वाक्य मी तिथेच तोडलं. परवान्याशिवाय बंदूक बनवणं हा गुन्हा आहे आणि २०१९नंतर त्याला किमान सात वर्षं ते जन्मठेप अशी शिक्षा आहे. तुम्ही इंजिनिअर आहात, हेतू चांगला आहे, वापरली एकदाच, यातलं काहीही कोर्टात चालत नाही. कायद्याच्या नजरेत तुमची सुबक सीएनसी रायफल आणि गावठी कट्टा सख्खी भावंडं! मुद्दा फक्त पोलिसांचाही नाही. नळीतला दाब सहन न झाल्याने फुटलेली गावठी बंदूक आधी चालवणाऱ्याचाच हात नेते.

कुंपणात थेट वीज सोडणारे महाभागही असतात. त्यात डुक्कर मरो न मरो, अंधारात पाणी धरायला गेलेला माणूस मरतो. कधी शेजारचा, कधी घरातलाच.

म्हणजे शिकारीसाठी ‘घ्यायची की घडवायची?’ या प्रश्नाचं उत्तर आपल्याकडे एकच. दोन्ही नाही. स्टोरी इथेच संपायला हवी होती. पण मित्राच्या डोक्यात शिरलेला किडा, अचूकतेचा, तो तिथेच होता. आणि खरं सांगायचं तर एव्हाना तो माझ्याही डोक्यात शिरला होता.

अर्ध्या मिलिमीटरचा खेळ

अचूक रायफल कायदेशीरपणे हातात घ्यायची असेल, तर रस्ता जातो शूटिंग रेंजकडे. या रस्त्यावर आपल्या दक्षिण महाराष्ट्राच्या पाट्या जागोजागी आहेत. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतने २०१०मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये जागतिक विजेतेपद मिळवलं. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये ४५१.४ गुणांसह ब्राँझ घेतलं. महाराष्ट्राला याआधी वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळालं होतं १९५२मध्ये, हेलसिंकीला. ते आणणारे खाशाबा जाधव सातारा जिल्ह्यातल्या कराडजवळच्या गोळेश्वरचे. मध्ये ७२ वर्षं!

दहा मीटर एअर रायफलच्या टार्गेटवर दहा गुणांचा ठिपका किती मोठा असतो, माहितीय? फक्त अर्धा मिलिमीटर. पेनाने ठेवलेल्या टिंबाएवढा. छऱ्याचा व्यास साडेचार मिलिमीटर, म्हणजे ठिपक्यापेक्षा छरा नऊपट रुंद. डॅलसच्या भावाचे ‘१०० मीटरवर तीन सेंटिमीटर’ इथे कुणी विचारत नाही.

आणि इथे मित्राचा प्रश्न पुन्हा जिवंत होतो, या वेळी अगदी कायदेशीर. मॅच रायफल तयार घ्यायची की आपल्या मापाची जुळवून घ्यायची? उत्तर मजेशीर आहे. नळी आणि यंत्रणा कारखान्याची, बाकी सगळं तुमचं. वॉल्थर, फाइनवेर्कबाऊ, अनशुट्झ, स्टायर ही युरोपियन नावं रेंजवर सतत कानावर पडतात. पण त्यांची रायफल बॉक्समधून काढली आणि दहा मारले, असं होत नाही. खांद्याला टेकणारी प्लेट वर-खाली, गालाचा ठोकळा मिलिमीटरने पुढे-मागे, ग्रिपचा कोन, तळहाताचा टेका, समोरच्या रिंगचा आकार, सगळं शरीराप्रमाणे बसवावं लागतं. एकाच्या मापाची रायफल दुसऱ्याला नीट धरताही येत नाही. शिवलेला शर्टच तो!

इतकंच काय, छर्ऱ्यांच्या डब्यावर ४.४९, ४.५० असे आकडे असतात. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा फरक आणि तुमच्या नळीला कुठला मानवतो ते मारून बघितल्याशिवाय कळत नाही. .२२च्या गोळ्यांचं तर त्याहून पुढचं. रायफल शिकंज्यात घट्ट बसवून वेगवेगळ्या लॉटच्या गोळ्या झाडतात आणि ज्या लॉटचा घेर सगळ्यात लहान, त्याचेच खोके विकत घेतात. एका नळीला आवडलेला लॉट दुसरीला आवडेलच असं नाही. मूड्स!

आता खर्चाचं बोलू. क्लबची रायफल वापरून शिकायचं तर खर्च फी आणि छऱ्यांचा. स्वतःची भारतीय बनावटीची एअर रायफल घेतली तर बजेट हजारांत, परदेशी मॅच रायफल घेतली तर थेट लाखांत. वर कॅनव्हास-लेदरचं जाकीट, पँट, बूट वेगळे. .१७७ बोअरची आणि २० ज्यूलपर्यंत ताकदीची एअर रायफल घ्यायला शस्त्र परवाना लागत नाही. त्यापुढे गेलात, मोठा बोअर किंवा जास्त ताकद, की परवाना आलाच. .२२ रायफल तर परवान्याशिवाय नाहीच.

साताऱ्याचं उत्तर

पण ‘घेणं’ आणि ‘घडवणं’ यांचा सगळ्यात सुंदर मेळ मला रायफलमध्ये नाही, धनुष्यात सापडला. आणि तोही साताऱ्यात.

५ ऑगस्ट २०२३, बर्लिन. साताऱ्याची १७ वर्षांची अदिती स्वामी तिरंदाजीच्या जागतिक स्पर्धेची फायनल खेळत होती. समोर मेक्सिकोची अँड्रिया बेसेरा. अदितीने १५ बाण सोडले. १४ दहात, एक नऊमध्ये. १४९-१४७! जागतिक स्पर्धेत भारताला मिळालेलं हे पहिलं वैयक्तिक सुवर्ण. त्याच दिवशी नागपूरच्या ओजस देवतळेने पुरुषांचं सुवर्ण जिंकलं. एका दिवसात महाराष्ट्राचे दोन जगज्जेते.

अदितीचे वडील शिक्षक. प्रशिक्षक प्रवीण सावंत यांची अकादमी उसाच्या शेतात उभी राहिलेली. मुलीच्या साहित्यासाठी घरच्यांनी कर्ज काढलं. ज्या उसाभोवती माझा मित्र रायफलचं स्वप्न बघत होता, तसल्याच उसाच्या कडेला एक मुलगी रोज ५० मीटरवरच्या आठ सेंटिमीटरच्या वर्तुळात बाण मारत होती.

तिचं धनुष्य, कम्पाउंड बो, हेही मूळचं शिकारीच्या जगातलंच. अमेरिकेतल्या मिझुरीच्या होलेस विल्बर अॅलन याने कप्प्यांची युक्ती धनुष्याला जोडली आणि १९६९मध्ये त्याचं पेटंट मिळवलं. दोर ओढताना आधी जोर लागतो, पण पूर्ण ओढला की कप्पी फिरून भार एकदम हलका होतो. मग शांतपणे नेम धरता येतो. अमेरिकेत आजही हे धनुष्य घेऊन लोक हरणांमागे जातात. साताऱ्यात त्याच यंत्राने जगज्जेती घडली, एकाही प्राण्याला खरचटलं नाही.

आणि हे धनुष्य ना पूर्ण विकतचं, ना पूर्ण घरचं. मधला दांडा आणि पाती कारखान्यातून येतात. पण दोर किती लांब ओढायचा हे हाताच्या लांबीवर. भार किती ठेवायचा हे ताकदीवर, स्पर्धेत कमाल मर्यादा ६० पाउंड. बाणाचा कडकपणा त्या भारावर. साइट, स्कोप, स्टॅबिलायझर, दोर सोडायचा रिलीज, सगळं एकेक करून निवडायचं, बसवायचं, बाण मारायचे, पुन्हा काढायचं, पुन्हा बसवायचं. याला ट्यूनिंग म्हणतात. सतारीची नव्हे, पण मिरज जवळच आहे म्हणून ही उपमा चालून जावी. आणि एवढ्या खटाटोपाला शस्त्र परवाना लागत नाही!

फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव याच जिल्ह्यातला. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकला, क्रीडा प्रबोधिनीत धनुष्य हाती आलं, पुढे सैन्यात गेला आणि टोकियो ऑलिम्पिकमध्ये उतरला. त्याचा प्रकार रिकर्व्ह, ७० मीटरचा. कम्पाउंडला आजवर ऑलिम्पिकमध्ये जागाच नव्हती, पण २०२८च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकसाठी कम्पाउंड मिश्र सांघिक प्रकार मंजूर झालाय. साताऱ्यात त्या बातमीने किती घरांत पेढे वाटले गेले असतील, विचार करा.

तुमच्याही घरी असेल तर...

● आजोबांची जुनी बंदूक माळ्यावर पडून आहे? परवानाधारकाचं निधन झालं असेल, तर ती तशीच ठेवू नका. पोलिस ठाण्यात किंवा परवानाधारक डीलरकडे जमा करा. वारसाला आपल्या नावावर परवान्यासाठी अर्ज करता येतो. आजोबा हयात असले, तरी वय ७० झालं किंवा शस्त्र २५ वर्षं बाळगलं असेल, तर वारसाच्या नावाने अर्ज करता येतो.

● पिकाचं नुकसान झालं? पंचनामा होईपर्यंत शेत आवरू नका. फोटो काढा आणि लगेच वनखात्याकडे भरपाईचा अर्ज करा. डुक्कर, गवा, हरीण यांनी केलेल्या नुकसानीला भरपाई मिळते.

● कुंपण हवंय? थेट वीज कधीच नको. सौर कुंपणात विजेचा क्षणिक झटका बसतो, जनावर पळतं, मरत नाही. व्याघ्र प्रकल्प आणि अभयारण्यांच्या आसपासच्या गावांना डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून त्यासाठी अनुदान मिळतं.

● नेमबाजी शिकायचीय? आधी रेंज, मग रायफल. पहिले काही महिने क्लबच्याच साहित्यावर काढा. आपलं माप कळल्याशिवाय काहीही विकत घेऊ नका.

माझ्या मित्राने काय केलं? आजोबांची बाराबोअर रीतसर जमा झाली. गावातल्या सात-आठ जणांनी मिळून सौर कुंपणाचा अर्ज केलाय, फाइल फिरतेय. हिंजवडीहून बालेवाडी जवळच, म्हणून तो आता शनिवारी सकाळी शिवछत्रपती क्रीडा संकुलातल्या रेंजवर जातो आणि रविवारी गावी. पहिल्या दिवशी त्याचे साठातले निम्मे छर्रे काळ्या वर्तुळाच्या बाहेर गेले. ते टार्गेट त्याने आबांना दाखवलं.

आबांनी कागद उलटसुलट करून बघितला आणि म्हणाले, “बरं झालं लेका, तुझ्या हातात खरी रायफल दिली न्हाय. डुक्कर सुटलं असतं आन् मी माळ्यावर होतो!”